आकड्यात लपलेला स्वल्पविराम

सायकलला बांधायची एक छोटी डबी बनवायची होती. जीपीएस मॉड्यूलकडून जागेचे आकडे घ्यायचे, दर सेकंदाला एक ओळ एसडी कार्डावर लिहायची, बस्स. आत एटीमेगा ३२८पी, म्हणजे आर्डुइनो उनो आर३ या बोर्डावर असतो तोच एव्हीआर जातीचा मायक्रोकंट्रोलर, एका चिपवरचा छोटा संगणक. प्रोग्राम ठेवायची फ्लॅश ३२ किलोबाइट, चालताना लागणारी रॅम २ किलोबाइट. रोजच्या कामात मी सर्व्हरचा कोड लिहिते, तिथे रॅम गिगाबाइटमध्ये मोजतात. त्यामुळे 'दोन किलोबाइट' हा आकडा मी वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता. एका शनिवारी सकाळी बसले आणि दुपारपर्यंत डबी टेबलावर चालू झाली. नंतरचा दीड महिना ती टेबलाबाहेर चालावी म्हणून गेला.

जीपीएस मॉड्यूल जे बोलतं ती साधी अक्षरं असतात. एनएमईए ०१८३ नावाचं प्रमाण आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं, मधली माहिती स्वल्पविरामांनी तोडलेली असते, शेवटी तारका, तिच्यामागे दोन हेक्स (सोळाच्या पायावरच्या) अंकांचा चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का ते तपासायचा आकडा, आणि मग ओळ संपल्याची खूण. माझं मॉड्यूल ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, दर सेकंदाला अशी सहा-सात वाक्यं एका दमात ओतायचं. त्यातली दोनच माझ्या कामाची होती.

पहिला कोड मी जसा सर्व्हरवर लिहिला असता तसाच लिहिला. मजकूर सांभाळणारा आर्डुइनोचा स्ट्रिंग नावाचा क्लास हाताशी आहेच. अक्षर आलं की स्ट्रिंगला जोडायचं, ओळ पूर्ण झाली की स्वल्पविराम शोधायचा, मधला तुकडा कापून दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये ठेवायचा. वाचायला सुरेख कोड. कंपायलर म्हणाला, ग्लोबल (प्रोग्रामभर टिकणाऱ्या) व्हेरिएबलांना १४९० बाइट लागले, ७२ टक्के. ७५ टक्क्यांच्या वर गेलं की आर्डुइनोचा आयडीई (कोड लिहायचा प्रोग्राम) 'मेमरी कमी उरली आहे' असा इशारा देतो. मी ७२ वर होते, त्यामुळे निर्धास्त.

पहिल्या लांब फेरीला निघाले. साडेतीन तास नोंदी व्यवस्थित, आणि मग ओळींमधल्या काही जागा रिकाम्या यायला लागल्या. वेळ आहे, अक्षांश आहे, रेखांश गायब. दहा मिनिटांनी अक्षांशही गायब. मला वाटलं, झाडीत उपग्रह दिसत नसतील. अँटेना बदलली. मग बॅटरीवर संशय घेतला, मोठी बॅटरी लावली, पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये कपॅसिटर टाकला. दुसऱ्या फेरीत चार तासांनी पुन्हा तेच, आणि या वेळी मी उघड्या माळावर होते. तिथे झाडीला दोष देता येईना.

मग स्ट्रिंग क्लासचा कोड उघडून वाचला. हे आधीच करायला हवं होतं. स्ट्रिंगला एक अक्षर जोडताना आधीची जागा पुरत नसेल तर ती हीपवर, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागता येणाऱ्या रॅममध्ये, नवी, एका बाइटने मोठी जागा मागते. म्हणजे सत्तर अक्षरांच्या ओळीसाठी सत्तर वेळा जागेची फेरमागणी. तुकडा कापला की त्याची वेगळी प्रत, वेगळी जागा. या जागा वेगवेगळ्या आकाराच्या, वेगवेगळ्या वेळी सुटणाऱ्या. काही तासांनी हीपवर एकूण मोकळी जागा दोनशे बाइट असली तरी ती पाच-दहा बाइटांच्या भोकांत विखुरलेली असते आणि सलग पन्नास बाइट कुठेच मिळत नाहीत.

जागा मिळाली नाही तर स्ट्रिंग काय करते? काहीच नाही. जोडणी असेल तर मुकाट्याने जोडत नाही, प्रत काढायची असेल तर रिकामी स्ट्रिंग हातात देते. त्रुटीचा संदेश नाही, प्रोग्राम थांबत नाही. म्हणून माझा रेखांश 'गायब' व्हायचा. उपग्रह जागच्या जागी होते. रेखांश ठेवायला सलग बारा बाइट मिळाले नव्हते, एवढंच.

या गोष्टीचा मला खरंच राग आला. संगणकावर मेमरीची चूक झाली की प्रोग्राम सहसा धाडकन पडतो आणि कुठे पडला ते सांगतो. इथे ती चूक चुकीच्या माहितीचा वेष घेऊन येते, आणि ती माहिती अगदीच अशक्य नसली तर आपण तिच्यावर विश्वास ठेवतो.

तर स्ट्रिंग हद्दपार. ठरावीक आकाराचा, सलग खणांची रांग असलेला अक्षरांचा अ‍ॅरे घेतला, ओळ त्यात भरायची, ओळ संपली की शेवटी शून्य ठेवून तोडायला द्यायची. अ‍ॅरे ८० चा. ८० का? कारण ८० हा आकडा बरा वाटला. एनएमईएच्या प्रमाणात वाक्याची कमाल लांबी ८२ आहे, सुरुवातीचा डॉलर आणि ओळीच्या शेवटची दोन अक्षरं धरून, आणि सी भाषेतल्या शेवटच्या शून्यासाठी आणखी एक. म्हणजे ८३ तरी हवेच होते. पण माझ्या मॉड्यूलचं सर्वांत लांब वाक्यही सत्तरच्या आसपास संपायचं, म्हणून मी निवांत होते. अक्षर ठेवण्याआधी 'जागा उरली आहे का' हे बघणारी ओळ मी लिहिली नाही. टेबलावर ती कधी लागलीच नसती.

या आवृत्तीत हीप नव्हता, त्यामुळे रिकाम्या जागा बंद झाल्या. दोन फेऱ्या सुरळीत गेल्या. तिसऱ्या फेरीची फाइल उघडली तर ओळींचे अनुक्रमांक असे: २१३८, २१३९, २१४०, ११३१६, ११३१७, ११३१८. जागेचे आकडे बरोबर, वेळ बरोबर, एकही सेकंद सुटलेला नाही. फक्त मोजणीने नऊ हजारांची उडी मारलेली. आणि अधूनमधून, दोन-तीन फेऱ्यांतून एकदा, डबी पूर्ण गोठायची, ती बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत.

ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फाइल दाखवली. त्यांची उमेदीची वर्षं पंपांच्या आणि मोटरांच्या कंट्रोलरमध्ये गेलेली. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "अगं, असला आकडा आपोआप येत नसतो. हेक्समध्ये लिही बघू."

कागदावर लिहिला. ११३१६ म्हणजे हेक्समध्ये २-सी-३-४.

"आता दोन बाइट वेगळे कर. एव्हीआरवर खालचा बाइट आधी. आधी ३४, मग २सी. आस्कीत काय होतं?"

आस्की म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता. त्यात ३४ हेक्स म्हणजे '४' हे अक्षर. २सी म्हणजे स्वल्पविराम.

माझ्या मोजणीच्या व्हेरिएबलमध्ये 'चार आणि स्वल्पविराम' असा मजकूर बसला होता. जीपीएसच्या एखाद्या वाक्याचा तुकडा ८० च्या कुंपणावरून उडी मारून शेजाऱ्याच्या घरात शिरला होता आणि शेजारी तोच आकडा म्हणून मोजत पुढे चालला होता. इतक्या वर्षांत बफर ओव्हरफ्लो हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेल, पण तो असा स्वच्छ, दोन बाइटांत, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून विचित्र आकडा दिसला की आधी तो हेक्समध्ये लिहून बघते. ३० ते ३९ किंवा २सी दिसलं की समजायचं, कोणीतरी मजकूर सांडलाय.

पण वाक्य सत्तरच्या वर जात नसताना ८० ओलांडले कसे? याचं उत्तर शोधायला चार संध्याकाळी गेल्या, आणि ते पार्सरमध्ये, म्हणजे ओळ तोडून अर्थ लावणाऱ्या कोडमध्ये, नव्हतंच.

सीरियल पोर्टवर येणारी अक्षरं आर्डुइनोचा गाभा ६४ बाइटांच्या एका गोलाकार बफरमध्ये ठेवतो. त्यात प्रत्यक्षात ६३ मावतात, कारण भरलेलं आणि रिकामं यांतला फरक कळायला एक जागा मोकळी ठेवावी लागते. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं येतात, म्हणजे साधारण ६६ मिलिसेकंदांत तो बफर काठोकाठ. आणि मी काय करत होते? एक वाक्य पूर्ण झालं की लगेच एसडी कार्डावर लिहायला घेत होते. कार्ड बहुतेक वेळा पटकन लिहितं, पण मध्येच त्याला स्वतःची आवराआवर सुचते आणि ते शंभर-दोनशे मिलिसेकंद 'थांब' म्हणत बसतं. प्रमाणातच त्याला २५० मिलिसेकंदांपर्यंत तशी मुभा आहे. तेवढ्या वेळात पुढच्या वाक्याची पहिली ६३ अक्षरं बफरमध्ये जाऊन बसायची आणि त्यानंतरची सगळी वाहून जायची. वाहून जाणाऱ्यांत ओळ संपल्याची खूणही असायची. मी परत वाचायला आले की एका वाक्याचं धड आणि भलत्याच वाक्याचं शेपूट एकाला एक चिकटलेलं मिळायचं. ६३ अधिक पन्नास-साठ. अशी शंभर-सव्वाशे अक्षरांची ओळ प्रमाणात बसत नाही, पण तारेवरून येते.

लिंकरने काढलेली मॅप फाइल, म्हणजे कोणतं व्हेरिएबल कोणत्या पत्त्यावर बसलं याची यादी, उघडली आणि पत्त्यांच्या क्रमाने व्हेरिएबल लावले, तेव्हा उरलेलं कोडंही सुटलं. ओळीचा अ‍ॅरे ८० बाइटांचा, त्याला खेटून मोजणीचे दोन बाइट, त्यापुढे एका जुन्या चाचणीचा ४० बाइटांचा अ‍ॅरे. तो मी वापरत नव्हते, फक्त काढायचा विसरले होते. त्यानंतर एसडी कार्डाच्या फाइलचा ऑब्जेक्ट. म्हणजे जोडओळ ८० ते १२२ च्या मध्ये संपली तर मोजणी बिघडायची आणि बाकीचा कचरा त्या निकामी अ‍ॅरेत जिरायचा. १२२ च्या पुढे गेली तर फाइलच्या ऑब्जेक्टवर घाव, आणि डबी गोठायची. माझा आळस चाळीस बाइटांची गादी बनून दीड आठवडा मला वाचवत होता, किंवा खरं तर दोष झाकत होता. तो अ‍ॅरे वेळेवर काढला असता तर डबी रोज गोठली असती आणि मी लवकर शोधायला बसले असते.

मर्यादा तपासणारी ओळ आता घातली, पण ती घालतानाही अडखळले. जागा संपली की काय करायचं? शेवटची अक्षरं टाकून उरलेली ओळ तोडायला द्यायची, हा पहिला मोह. ती चूक आहे. तोडून उरलेली ओळ वरवर बरी दिसते, आकडे निघतात, फक्त ते दोन वेगळ्या वाक्यांचे असतात. ओळ मर्यादेबाहेर गेली की ती पूर्ण बाद धरायची आणि पुढचा डॉलर दिसेपर्यंत काहीही ऐकायचं नाही. डॉलर ओळीच्या मध्यात दिसला तरी नवीन वाक्य सुरू झालं असंच समजायचं.

चेकसमचंही तसंच. डॉलर आणि तारका यांच्या मधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सऑर (बिटाबिटाने तुलना करणारी क्रिया) घ्यायचा आणि तारकेनंतरच्या दोन हेक्स अंकांशी जुळवायचा. मी तो 'नंतर करू' म्हणून सोडला होता. वास्तविक त्याला एकच बाइट लागतो आणि अक्षर येईल तसा तो चालत्या गाडीत होऊन जातो. तो असता तर अशी जवळपास प्रत्येक जोडओळ दारातच अडली असती. अर्थात अ‍ॅरेची कुंपणं तरीही हवीतच, कारण चेकसम चुकलाय हे कळेपर्यंत अक्षरं सांडून झालेली असतात.

यानंतरची खोड स्ट्रटॉकची. ओळ स्वल्पविरामांवर तोडायला सी भाषेतलं हे जुनं फंक्शन सगळे वापरतात, मीही वापरलं. उपग्रह सापडलेले नसतात तेव्हा वेळ आणि जागा सांगणारं आरएमसी वाक्य असं येतं: नाव, मग लगोलग दोन स्वल्पविराम, मग 'व्ही' हे अक्षर, मग दहा स्वल्पविराम ओळीने. म्हणजे वेळेची जागा रिकामी, स्थिती 'अवैध', पुढच्या जवळपास सगळ्या जागा रिकाम्या. स्ट्रटॉक सलग आलेले स्वल्पविराम एकच समजतं. त्याच्या लेखी रिकामी जागा नसतेच. त्यामुळे 'व्ही' हे अक्षर माझ्याकडे वेळ म्हणून आलं, आणि पाचवा तुकडा मागितला तेव्हा स्ट्रटॉकने शून्य पॉइंटर, म्हणजे 'काही नाही' सांगणारा शून्य पत्ता, दिला. तो मी न बघता तसाच आकडा बनवायच्या फंक्शनला दिला.

शून्य पत्ता वाचला की संगणकावरचा प्रोग्राम मरतो. एटीमेगावर शून्य पत्ता ही रीतसर जागा आहे. डेटाच्या पत्त्यांत ० ते ३१ वर प्रोसेसरची सर्वसाधारण रजिस्टरं बसलेली असतात, रॅम २५६ पासून पुढे सुरू होते. म्हणजे माझा कोड प्रोसेसरची रजिस्टरं मजकूर समजून वाचत होता आणि त्यातून रेखांश काढत होता. बहुतेकदा शून्य निघायचं. एकदा ७ निघालं. का, ते मी शोधायला गेले नाही. सगळ्याच गोष्टींची उकल करत बसलं तर डबी कधी पुरी व्हायची?

एव्हीआरच्या लायब्ररीत स्ट्रसेप नावाचं फंक्शन आहे, ते रिकाम्या जागा रिकाम्या म्हणूनच देतं. तेवढा बदल करून भागलं असतं. पण तोवर मला मूळ मांडणीचाच कंटाळा आला होता. पूर्ण ओळ साठवायचीच कशाला?

हा प्रश्न आधी का पडला नाही याचं उत्तर माझ्या सवयीत आहे. सर्व्हरवर आपण आधी सगळं जमा करतो आणि मग त्याकडे बघतो. अख्खी फाइल वाचून घ्या, मग तोडा. जागा फुकट असली की हीच रीत बरी. इथे अक्षरं मुळातच एकेक करून, साधारण एक मिलिसेकंदाच्या अंतराने येत होती, आणि मी ती आधी ओळीत गोळा करून, मग ती ओळ एकेक अक्षर वाचून तोडत होते. एकच काम दोनदा, आणि त्यासाठी ८० बाइट अडकवलेले.

नव्या पार्सरला ओळ माहीतच नाही. अक्षर आलं की तो बघतो: आपण कोणत्या वाक्यात आहोत, कितव्या स्वल्पविरामानंतर आहोत, आणि या जागी काय अपेक्षित आहे. अंक अपेक्षित असेल तर हातातल्या संख्येला दहाने गुणून तो अंक मिळवायचा. स्वल्पविराम आला की जागेचा क्रमांक एकने पुढे. दशांश चिन्ह आलं की त्यानंतरचे अंक मोजायला लागायचं. मजकूर साठवण्यासाठी फक्त वाक्याच्या नावाची पाच अक्षरं, तीही कुंपण घालून. सगळं मिळून तीसेक बाइट. पुढे टायनीजीपीएसप्लस या प्रसिद्ध लायब्ररीचा कोड वाचला, तर तिथेही ओळ साठवत नाहीत. एका जागेपुरता १५ बाइटांचा अ‍ॅरे आहे आणि त्यात अक्षर ठेवण्याआधी दर वेळी आकार तपासलेला आहे. मी आधीच ती लायब्ररी वापरली असती तर दीड महिना वाचला असता, हे मला घरात दोनदा ऐकवण्यात आलंय.

त्या लायब्ररीकडून एक गोष्ट उचलली. वाचताना निघालेले आकडे थेट खऱ्या व्हेरिएबलात टाकायचे नाहीत. ते तात्पुरत्या जोडीदारात ठेवायचे आणि चेकसम जुळला की एकदम सगळे उचलून खऱ्या जागी न्यायचे. अक्षांश आणि रेखांशाला प्रत्येकी चार बाइट जास्त जातात, तेवढे द्यावेत. नाहीतर अर्ध्यावर तुटलेल्या वाक्याचा नवा अक्षांश आणि मागच्या सेकंदाचा जुना रेखांश अशी जोडी नोंदली जाते, आणि नकाशावर सायकल तळ्यातून गेलेली दिसते.

आकड्यांबद्दल थोडं. एव्हीआरच्या कंपायलरवर इंट हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो, ३२७६७ ला संपतो. आणि तिथे नेहमीच्या सेटिंगला डबल म्हणजेही चार बाइटांचा फ्लोट (दशांश आकड्याचा प्रकार) च, सातेक सार्थ अंक, पुढचे गेले. म्हणून अक्षांश-रेखांश मी ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवते, अंशाच्या एक कोटीव्या भागांत. १८० अंश म्हणजे १८० कोटी, ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २१४ कोटींपर्यंत मावतं, त्यामुळे नीट बसतं. मॉड्यूल मिनिटं दशांशात देतं. पाच दशांश स्थळं पूर्णांकात घेतली की तो आकडा पाचाने गुणून तिनाने भागला म्हणजे झालं. फ्लोटचा कोड गेल्याने फ्लॅशही वाचली.

स्टॅकचा किस्सा राहिलाच. कंपायलर सांगतो तो आकडा ग्लोबल व्हेरिएबलांचा. फंक्शनच्या आत घेतलेले अ‍ॅरे त्यात धरलेले नसतात, ते ऐन वेळी स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालेपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत, येतात. स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली उतरतो, ग्लोबल आणि हीप खालून वर चढतात, आणि मध्ये भिंत नाही. हीपवर जागा देणाऱ्या एव्हीआरच्या मॅलॉक या फंक्शनमध्ये स्टॅकपासून काही बाइट अंतर ठेवायची सोय आहे, पण ती जागा देतानाच बघितली जाते. नंतर स्टॅक खाली उतरला तर त्याला कोणी विचारत नाही.

त्याच सहकाऱ्यांनी जुनी युक्ती सांगितली: प्रोग्राम सुरू होताच मधली सगळी मोकळी रॅम एका ओळखीच्या बाइटने रंगवून टाकायची, भरपूर वेळ चालवायचं आणि मग खालून मोजायचं की रंग कुठपर्यंत शाबूत आहे. ओळ साठवणाऱ्या आवृत्तीत ग्लोबल १६१० बाइट होते. उरलेल्या ४३८ पैकी रंग किती शाबूत? ६१. बाकी सगळं स्टॅकने कधी ना कधी तुडवलेलं. कार्डावर लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये मी ओळ जुळवायला १२८ बाइटांचा अ‍ॅरे घेतला होता, त्याच्या खाली ओळ जुळवणाऱ्या एसएनप्रिंटएफ फंक्शनचा खर्च, त्याच्या खाली चालू काम मध्येच थांबवून आलेला इंटरप्ट.

त्या अ‍ॅरेची गरज नव्हती, नोंदीचे आकडे एकेक करून थेट फाइलला लिहिता येतात. मग दिसलं की माझे तपासणीचे संदेश, 'कार्ड सापडलं नाही' वगैरे, मिळून साडेतीनशे बाइट रॅममध्ये बसले आहेत. एव्हीआरवर अवतरणातला साधा मजकूर सुरू होतानाच फ्लॅशमधून रॅममध्ये आणला जातो. एफ मॅक्रोत गुंडाळला की फ्लॅशमध्येच राहतो. तेवढं केलं. तो चाळीस बाइटांचा चाचणीचा अ‍ॅरेही काढला, किंचित वाईट वाटून. शाबूत रंग ६१ वरून ६२२.

नवा पार्सर मी आधी संगणकावर कंपाइल केला. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. पार्सरला पिनांशी काही देणंघेणं नाही, बाइट देणारा कोणीही चालतो. जीसीसी कंपायलरचा, हद्दीबाहेरचं वाचन-लेखन पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावला आणि जुन्या फेऱ्यांचा कच्चा मजकूर त्याला चारला, मुद्दाम नासवून: मधली अक्षरं काढून, ओळीची खूण खाऊन, तारका दोनदा घालून. चाळीस सेकंदांत त्याने एक चूक पकडली. वाक्याच्या नावाच्या अ‍ॅरेत 'लहान' च्या जागी 'लहान किंवा समान' लिहिलं होतं, एक बाइट बाहेर. डबीवर हे कधी कळलं असतं देव जाणे. आणि कंपायलरच्या सूचना चालू केल्याबरोबर आणखी एक: अ‍ॅरे फंक्शनला देताना तो पॉइंटर होतो, आणि आत मी साइझऑफने त्याचा आकार विचारत होते. एव्हीआरवर त्याचं उत्तर २ येतं, अ‍ॅरे कितीही मोठा असो. आर्डुइनोच्या आयडीईत या सूचना मुळात बंद असतात, चालू करून घ्याव्या लागतात.

एक उपकथा सांगायला हवी, कारण एवढं सगळं होऊनही मी पुन्हा तिथेच आपटले. पुढच्या डबीसाठी कॉर्टेक्स-एम० हा ३२ बिटांचा प्रोसेसर घेतला, आठपट रॅम, आणि मॉड्यूलला त्याच्या बायनरी भाषेत बोलायला लावलं. यूब्लॉक्सच्या मॉड्यूलची यूबीएक्स ही भाषा अशी: दोन बाइट सलामीचे, मग वर्ग, मग क्रमांक, मग दोन बाइट लांबी, मग माहिती, शेवटी दोन बाइट चेकसम. मी लांबी वाचली आणि सांगितली तेवढी अक्षरं बफरमध्ये भरायला घेतली. दोन बाइटांत ६५५३५ पर्यंत लांबी सांगता येते. तारेवर एक बिट उलटला की मॉड्यूल खुशाल चाळीस हजार सांगतं. लांबी हीसुद्धा बाहेरूनच आलेली माहिती आहे, हे मला दुसऱ्यांदा शिकावं लागलं. आता लांबी माझ्या बफरपेक्षा मोठी दिसली की तो संदेश तिथेच सोडते.

त्याच डबीत माहितीतला चार बाइटांचा आकडा काढायला मी बफरच्या मधल्या पत्त्याला ३२ बिटांचा पॉइंटर लावला होता. एव्हीआरवर हे चालून जातं. कॉर्टेक्स-एम० ला चार बाइट एका दमात वाचायचे तर पत्ता चाराने भाग जाणारा लागतो, आणि यूबीएक्समध्ये माहिती पहिल्या सहा बाइटांनंतर सुरू होते. पहिल्याच संदेशाला हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर चूक जाहीर करून अडला. मला तर हायसं वाटलं. किमान हा ओरडला तरी. मेमकॉपी करून, म्हणजे ते बाइट वेगळ्या जागी नकलून, आकडा बाहेर काढला आणि प्रश्न मिटला.

सायकलवरची डबी अजून तीच आहे, एटीमेगाची. दर तासाला ती फाइलमध्ये तीन आकडे लिहिते: रंग किती शाबूत, चेकसमवर किती वाक्यं बाद, मर्यादा ओलांडली म्हणून किती. गेल्या लांब फेरीत, नऊ तासांनंतर, ते होते ६२२, ९ आणि २. बाद झालेली अकरा वाक्यं कार्डाच्या संथपणापायी गेली. सीरियलचा बफर ६४ चा १२८ केला तर त्यातली बरीच वाचतील. पण अकरा सेकंदांत मी सायकलवर फार लांब जात नाही. ते ६४ बाइट मी ठेवून घेतले आहेत.